पणजोबांची उघडी फोर्ड: तुमच्या घरात एक नव्हे, दोन गाड्या होत्या

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं सगळं नीट लागेल. सांगलीच्या गावभागातल्या वाड्यात मागच्या पडवीत पणजोबांची उघडी, हूडाची फोर्ड उभी आहे. पणजोबांची हळदीची अडत होती. घरात सांगतात की गाडी १९२४ सालची आणि राजेसाहेबांनी खूश होऊन दिलेली. पणजोबा तिच्यातून महाबळेश्वरला जायचे आणि पसरणीच्या घाटात ती उलटी, म्हणजे रिव्हर्स टाकून चढवायचे. निघताना गाडी नावेवर चढवून कृष्णा ओलांडायची, असं आत्याआजी सांगायच्या. २०१९ च्या पुरात पाणी मडगार्डच्या वर गेलं. इंजिन त्याआधीपासूनच जाम आहे. आरसी बुक सापडत नाही. गाडी नेमकी कुठल्या सालची, पुन्हा चालेल का, कागद कसे करायचे आणि घराण्याचा इतिहास लिहायचा तर सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही विचारलंय. सोबत पडवीतल्या गाडीचे फोटो आणि दोन जुने फोटो पाठवलेत.

मी साताऱ्यात जुन्या गाड्यांचंच काम करतो. सांगली, मिरज, फलटण, औंध या पट्ट्यातल्या वाड्यांतून निघालेल्या गाड्या हाताखालून गेल्यात, त्यामुळे असे किस्से नेहमी ऐकतो. सरळ सांगतो: पडवीत उभी आहे ती गाडी १९२४ ची नाही, असूच शकत नाही. ती फोर्डचं मॉडेल ए आहे. हे मॉडेल बाजारात आलं डिसेंबर १९२७ मध्ये. त्याआधी १९०८ पासून मे १९२७ पर्यंत फोर्ड मॉडेल टी बनवत होती. पण म्हणून घरातली माणसं खोटं सांगत होती असं मुळीच नाही. उलट घाटाची आणि नावेची गोष्ट इतकी तंतोतंत आहे की ती कुणी रचलेली नसणार. फक्त ती या गाडीची नाही. ती हिच्या आधीच्या गाडीची आहे. आठवणीत दोन गाड्यांची एक गाडी झाली, आणि असं जवळपास प्रत्येक घरात होतं. पहिली गाडी विकून किंवा बदलून गेली, दुसरी डोळ्यांसमोर राहिली. मग सगळ्या गोष्टी डोळ्यांसमोरच्या गाडीला चिकटल्या.

आता हे कशावरून म्हणतो ते बघा.

मॉडेल टीची पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली असायची. पेट्रोल पंप नव्हता, टाकीतून कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल स्वतःच्या वजनाने उतरायचं. सपाटीवर काही अडचण नाही. पण टाकीत पेट्रोल कमी असेल आणि गाडीचं नाक वर करून खडा चढ लागला, तर कार्बोरेटर टाकीतल्या पेट्रोलच्या पातळीपेक्षा वर जातो आणि इंजिन भुकेलं होऊन बंद पडतं. गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढवली की टाकी वर, इंजिन खाली, आणि पेट्रोल व्यवस्थित उतरतं. शिवाय टीच्या रिव्हर्सला पहिल्या गिअरपेक्षा ताकद जास्त. लो गिअरचं प्रमाण २.७५ ला १, रिव्हर्सचं ४ ला १. म्हणजे वीस घोड्यांच्या त्या इंजिनाला चढावर रिव्हर्सच सोयीचा. टीला पायाखाली तीन पेडल होती: डावं लो आणि हायसाठी, मधलं रिव्हर्ससाठी, उजवं ब्रेकचं. मधलं पेडल दाबून ठेवून मान मागे वळवून घाट चढणारे पणजोबा डोळ्यांसमोर आणा. टाकी भरलेली असती तर पसरणीला हे करायची वेळ फारशी आली नसती. म्हणजे वाईत टाकी न भरताच निघायची सवय असावी. अडत्याचा हिशोबी हात, दुसरं काय!

मॉडेल एला हे कधीच करावं लागलं नसतं. तिची टाकी डॅशबोर्डच्या पुढे, काचेच्या खाली, इंजिनापेक्षा बरीच उंच. बॉनेट संपतं तिथून काचेपर्यंतचा जो पत्र्याचा भाग आहे तीच टाकी. तुमच्या फोटोत पेट्रोल भरायचं झाकण काचेसमोर दिसतंय. कितीही चढ असला तरी पेट्रोल खालीच उतरतं. ताकदही दुप्पट, चाळीस घोडे. ए घेऊन कुणी घाट उलटा चढला असेल तर तो निव्वळ हौसेने.

नावेची गोष्टही तशीच. सांगलीचा कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ मध्ये वाहतुकीला खुला झाला. त्यानंतर सांगलीवाडीकडे जायला गाडी नावेवर चढवायचं कारण उरलं नाही. म्हणजे नावेवरची गाडी पुलाच्या आधीची. आत्याआजींनी ती लहानपणी पाहिली किंवा थोरल्यांकडून ऐकली असेल. धाकट्या आजोबांना मात्र नावेवरची गाडी आठवत नाही, त्यांना ‘निळसर करडी गाडी’ आठवते असं तुम्ही लिहिलंय. तेही बरोबर. आत्याआजींची गाडी ‘काळी कुळकुळीत’ होती, आणि १९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी फक्त काळ्या रंगातच मिळायची. ए मात्र पहिल्यापासून निरनिराळ्या रंगांत आली, मडगार्ड तेवढे काळे. भावंडांचं रंगावरून भांडण व्हायचं म्हणता, पण दोघंही आपापल्या गाडीबद्दल खरंच बोलत होते.

आता ते दोन जुने फोटो. घरात दोन्ही एकाच गाडीचे म्हणून लावलेत. भिंग घेऊन बसा. लग्नाच्या वरातीचा जो फोटो आहे, त्यात रेडिएटरच्या खाली मधोमध एक वाकडा दांडा लोंबतोय. तो हँडलचा दांडा. टीला हँडल कायमचं बसवलेलं असायचं, वापरून झालं की तिथेच लोंबत राहायचं. एचं हँडल काढून ठेवायचं असतं, पुढे फक्त भोक दिसतं. त्याच फोटोत चाकाचे आरे जाड आणि लाकडी आहेत, बैलगाडीच्या चाकासारखे. दुसऱ्या, पुलावरच्या फोटोत आरे तारेचे, बारीक. लाकडी आऱ्यांची टी आणि तारेच्या आऱ्यांची ए, इतका सरळ निकाल लागणारे फोटो फार कमी घरांत मिळतात. पुलावरचा फोटो अर्थातच १९२९ च्या अखेरीआधीचा नाही. फोटो फ्रेममधून हळूच काढून मागची बाजूही बघा. स्टुडिओचा शिक्का आणि शाईने लिहिलेली तिथी पुष्कळदा तिथेच असते आणि पुठ्ठ्याखाली दडलेली असते.

पडवीतल्या एचं साल ठरवायला घरच्या गोष्टींची गरज नाही, गाडी स्वतःच सांगते. १९२८ आणि १९२९ च्या गाड्यांना २१ इंची चाकं होती, १९३० आणि १९३१ च्या गाड्यांना १९ इंची. तुमच्या फोटोवरून मला २१ इंची वाटतात, पण टेप लावून रिमचा टायर बसतो तो व्यास मोजा. रेडिएटरभोवतीची चौकट पहिल्या दोन वर्षांत निकेलचा मुलामा दिलेली, नंतरच्या दोन वर्षांत गंजरोधी पोलादाची. तुमच्याकडची सोलून पिवळसर-गंजकी झालीय, म्हणजे मुलाम्याचीच. दोन्ही खुणा १९२८-२९ कडे बोट दाखवतात.

पक्कं साल इंजिनाच्या नंबरवरून कळेल. गाडीत बसल्यावर डाव्या हाताला येणाऱ्या बाजूने बॉनेट उघडा. रेडिएटरच्या खालच्या रबरी पाइपचं पाणी इंजिनात शिरतं, त्या तोंडाच्या जरा वर ब्लॉकवर एक सपाट चौथरा आहे. तिथला गाळ आणि ग्रीस रॉकेलच्या बोळ्याने पुसा. पॉलिश पेपर, वायर ब्रश, ग्राइंडर यातलं काहीही लावू नका, आकडे उथळ असतात. आपल्याकडच्या बहुतेक फोर्ड कॅनडातून आल्या, कारण ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांना उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या तिथली कंपनी पुरवायची. म्हणून आकड्याआधी ‘सीए’ अशी दोन रोमन अक्षरं असायला हवीत. अक्षरं नसतील किंवा चौथरा घासून गुळगुळीत केलेला असेल, तर मधे कधीतरी इंजिन बदललंय. फोर्डने या गाडीला वेगळा चासी नंबर दिला नाही. इंजिनाचाच नंबर डाव्या चासीपट्टीच्या वरच्या अंगावर ठोकला आणि तो बॉडीखाली झाकला गेला. बॉडी उचलल्याशिवाय तो दिसत नाही. कधी बॉडी उचलावी लागलीच तर सगळ्यात आधी त्याचा फोटो काढा, तो पुढे कागदपत्रांत सोन्याच्या मोलाचा ठरतो.

राजेसाहेबांनी गाडी दिली, हा भाग मी जरा जपून घेईन. त्या काळात सांगलीच्या गादीवर चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन होते, व्यापारपेठ वाढावी याकडे त्यांचं लक्ष होतं, हे सगळं खरं. पण या पट्ट्यात ज्या घरात जुनी गाडी आहे त्या दर दुसऱ्या घरात ती ‘महाराजांनी दिलेली’ असते. सातारा, औंध, फलटण, जत, सगळीकडे तेच. त्यातल्या बऱ्याच गाड्या खरं तर संस्थानच्या मोटारखान्याने जुन्या झाल्यावर विकलेल्या. कुणीतरी त्या रोख पैसे मोजून घेतल्या आणि दोन पिढ्यांत विक्रीची भेट झाली. तुमच्याकडे तसंच झालं असं मी म्हणत नाही. तपासा, इतकंच म्हणतो. आणि तपासायला तुमच्या घरात उत्तम साधन आहे. माळ्यावरच्या मोडी वह्यांचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलात, माझ्या दृष्टीने तीच सगळ्यात मोठी बातमी आहे.

अडत्याच्या घरात रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, आणि खतावणी, म्हणजे खात्यांनुसार मांडलेली वही, असतेच. त्यात गाडीची किंमत शोधत बसू नका. किंमत हुंडीत, हप्त्यात, दुसऱ्याच्या नावावर, कुठेही विरघळलेली असते. पहिलं पेट्रोल शोधा. त्या वेळी पेट्रोल दोन गॅलनच्या सीलबंद डब्यांतून मिळायचं, म्हणून नोंद ‘पेट्रोल डबे’ अशी असू शकते. खतावणीत ‘मोटार खाते’ किंवा ‘मोटार खर्च’ असं पान निघालं तर ते ज्या पाडव्यापासून सुरू होतं तिथून गाडी घरात आली असं धरा. गाडी भेट मिळाली असेल तर किंमतीची नोंद नसेल, पण खर्चाचं पान असणारच. भेटीची गाडीही पेट्रोलवरच चालते! नजराण्याच्या किंवा दरबारात गेलेल्या अहेराच्या नोंदी त्याच महिन्यात दिसतात का तेही बघा.

मग टायर. ही खूण मला फार आवडते. कॅनडाच्या टीला ३० बाय साडेतीनचे टायर लागायचे. एला २१ इंची रिमवर साडेचार इंचांचे. त्या टायरचं मापही तेव्हा ३० बाय साडेचार असं लिहिलं जायचं. वहीत कारकुनाने ते आपल्या पद्धतीने ‘३० × ३॥’ आणि ‘३० × ४॥’ असं मांडलेलं असेल. ज्या महिन्यात तिनाचा चार झाला, त्या महिन्याच्या आसपास तुमच्या घरात गाडी बदलली. एका आकड्यावर दोन गाड्यांचा निकाल. अगदी शेवटच्या टीला फुगीर टायर आले होते, त्यामुळे नोंद थोडी वेगळी निघाली तरी गोंधळू नका. वही चाळणाऱ्या माणसाला एवढं सांगून ठेवा.

मोडी वाचणारी माणसं सांगली-मिरजेत, कोल्हापुरात आणि पुण्यात आहेत. पण अख्खी वही वाचून घ्यायच्या भरीस पडू नका, खर्च आणि वेळ दोन्ही हाताबाहेर जाईल. १९२० ते १९४५ एवढ्या वर्षांच्या फक्त खतावण्यांची अनुक्रमणिका आधी वाचून घ्या. मोटार, पेट्रोल, टायर, ड्रायव्हरचा पगार, ही चार खाती. पानांचे फोटो सपाट उजेडात काढा. वही पुरात भिजली असेल तर चिकटलेली पानं ओढून सोडवू नका, ते काम जाणकाराचं.

ड्रायव्हरच्या पगाराचं पान सापडलं तर पुढची पायरी म्हणजे त्या ड्रायव्हरच्या घरी जाणं. घराण्याचा इतिहास लिहिणारे लोक मालकाच्या नातेवाइकांकडे दहा चकरा मारतात आणि ड्रायव्हरच्या नातवाला कुणी विचारत नाही. गाडीतली माणसं बदलायची, चाकामागे तो एकच असायचा. अशा घरांतून मला पाने, जॅक, लायसन्सची पुस्तिका आणि गाडीसमोर ऐटीत काढलेले फोटो मिळालेत. मालक गाडीत बसून फोटो काढतो, ड्रायव्हर गाडीसमोर उभा राहतो. त्यामुळे रेडिएटर, दिवे, नंबरपाटी सगळं स्पष्ट येतं.

घरातल्या बायका गाडीत कशा बसायच्या, हेही विचारून घ्या. या उघड्या गाड्यांना बाजूने चढवायचे कापडी पडदे मिळायचे, सेल्युलॉइडची खिडकी असलेले. पावसासाठी दिलेले, पण आपल्याकडे गोषासाठी कितीतरी जास्त वापरले गेले. दाराच्या वरच्या कडेला आणि हूडाच्या कमानींना पडद्यांची बटणं किंवा त्यांची भोकं असतील. ती किती झिजलीत त्यावरून पडदे किती वापरले हे कळतं. रंगकाम करणारा सगळ्यात आधी हीच भोकं बुजवतो, म्हणून आत्ताच बघून ठेवा.

चाळीसच्या दशकात तुमच्या वहीतलं मोटार खातं बहुधा आटत गेलेलं दिसेल. १९४१ पासून पेट्रोलवर रेशनिंग आलं. काहींनी मागे कोळशाची भट्टी बसवून त्या गॅसवर गाड्या चालवल्या, बाकीच्यांनी गाडी ठोकळ्यांवर चढवून ठेवली. पुढे गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जळितात या भागातल्या बऱ्याच वाड्यांतली दप्तरं गेली. ८ मार्च १९४८ ला सांगली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. हे सनावळीसाठी सांगत नाही. तुमच्या गाडीची पहिली नोंद संस्थानकडे, पुढची मुंबई राज्याकडे आणि त्यानंतरची दक्षिण साताऱ्याच्या नावाखाली, अशी तीन घरांत विखुरलेली असू शकते, म्हणून सांगतो. संस्थानांच्या नंबरपाट्या वेगळ्या असत. मुंबई राज्याच्या पाट्यांवर १९३९ च्या कायद्यानंतर ‘बी’ने सुरू होणारी तीन रोमन अक्षरं आली. सध्या गाडीवर जी पाटी आहे तिच्या रंगाखाली जुनी अक्षरं आहेत का, ते तिरप्या बॅटरीच्या उजेडात बघा. पाटी धुऊ नका, खरवडू नका. संस्थानच्या दप्तरासाठी कोल्हापूर आणि पुण्याच्या पुरालेखागारांत अर्ज करा. अर्जात ‘माझ्या पणजोबांची गाडी’ असं मोघम लिहू नका. मोटार परवाने, मोटारखान्याची विक्री आणि वार्षिक प्रशासन अहवाल अशा विषयांची नावं लिहा.

आता यंत्राचं. गाडी चालेल का, तर चालेल. एसारखी साधी आणि दुरुस्त व्हायला राजी असलेली गाडी त्या काळात दुसरी नाही. जगभर तिचे सुटे भाग आजही नव्याने बनतात. पण पुराच्या गाळाने एक गोष्ट बदलली आहे, ती नीट समजून घ्या.

जाम इंजिन सोडवायचा नेहमीचा उपाय म्हणजे प्लग काढून सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडायचं, दिवसेंदिवस मुरू द्यायचं आणि मग हँडलने हलकेच दोन्हीकडे हलवून बघायचं. तुमच्या गाडीला हे करायच्या आधी चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं, उतरवा. या इंजिनात आजच्यासारखी शेलची, म्हणजे सुटी काढून बदलता येणारी, बेअरिंग नाहीत. कनेक्टिंग रॉडमध्ये आणि ब्लॉकमध्ये व्हाइट मेटल थेट ओतलेलं आहे. व्हाइट मेटल मऊ असतं. कृष्णेचा तो काळा चिकट गाळ वाळून त्यात रुतला असेल आणि तुम्ही क्रँक फिरवलीत, तर तोच गाळ पॉलिश पेपरसारखा क्रँकवर चालेल. आधी चेंबरचा खालचा बोल्ट काढून बघा. तेलाआधी पाणी आणि चहाच्या रंगाचा चिखल आला की समजा आत पूर पोचलाय. मग चेंबर, त्यातली तेलाची ताटली, पंपाची जाळी, सगळं उतरवून धुवायचं. गिअर बॉक्स आणि डिफ्रन्शलचंही तेच. चाकांची बेअरिंग आणि ब्रेकचे ड्रम उघडायचे. एवढं झाल्यावर सिलिंडरमध्ये तेल. गाडी ट्रॅक्टरला बांधून गिअरमध्ये टाकून ओढणं ही शुद्ध कसाईगिरी आहे, कुणी कितीही छाती ठोकून सांगितलं तरी करू देऊ नका. त्यातल्या त्यात दिलासा एवढाच की हे साइड वाल्व्हचं इंजिन आहे, म्हणजे वाल्व्ह पिस्टनच्या वर नसून बाजूला असतात. वाल्व्ह अडकून उघडे राहिले तरी पिस्टन त्यांना धडकत नाही.

व्हाइट मेटल ओतून लाइनमध्ये बोअर करणारे हात आता मोजकेच उरलेत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात चौकशी करा आणि काम देण्याआधी त्यांनी अलीकडे ओतलेलं एखादं इंजिन बघायला मागा. भावाची घासाघीस नंतर.

वायरिंग सगळं नव्याने करावं लागेल, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. एकच ध्यानात ठेवा: ही गाडी ६ व्होल्टची आहे आणि बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जातं. आपले इलेक्ट्रिशियन सवयीने मायनस बॉडीला लावतात. बॅटरीच्या पट्टीवर रंगाने ठळक लिहून ठेवा.

ब्रेक सळयांवर चालतात, त्यात तेल नाही. ते जमेल तितके चांगले करून घ्या आणि तरी आजच्या गाडीच्या मागे चिकटून चालवू नका. गिअर बदलताना डबल क्लच लागतो, म्हणजे क्लच दोनदा दाबायचा. ट्रकवर हात बसलेल्या जुन्या ड्रायव्हरला हे सांगावं लागत नाही.

पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं. एच्या टाकीतला काटा बुचाच्या लाकडाच्या तरंगीवर चालतो आणि त्या बुचावरचा वार्निश इथेनॉल खातं. टाकी साफ केल्यावर तरंगी इथेनॉल सोसणारं सीलर लावून बसवा आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तेव्हा टाकी रिकामी ठेवा.

रंगाला मात्र आत्ता हात लावू नका. डॅशबोर्डच्या मागे, सीटच्या फळीखाली, दाराच्या बिजागरीच्या आत मूळ रंग सापडेल. तिथला ओल्या फडक्याने पुसून फोटो घ्या. धाकट्या आजोबांना तो दाखवा, आणि त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. डोळ्यांसमोर रंग असला की माणसाला नुसत्या प्रश्नांनी आठवत नाही तेवढं आठवतं. हूडाच्या कमानी बदलाव्या लागल्या तरी जुन्या टाकू नका, नव्या त्यांच्या मापाने बनवायच्या आहेत. सीटमध्ये काथ्या आणि गवत निघालं तर ती स्थानिक दुरुस्ती, तिचाही मूठभर नमुना ठेवा.

कागदांकडे येतो. २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी मोटार वाहन नियमांत वेगळी तरतूद केली. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी या नियमांत ‘व्हिंटेज’ धरतात. गाड्यांच्या जाणकारांच्या हिशोबाने व्हिंटेज म्हणजे १९१९ ते १९३० मधलीच, पण आरटीओत १९७० ची स्कूटरही व्हिंटेज असते. तुमची दोन्हीकडे बसते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नूतनीकरणाची ५,०००, मुदत दहा वर्षांची. नंबर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ या रोमन अक्षरांचा मिळतो. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोज मार्केट यार्डात न्यायला नाही. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेला चालत नाही. म्हणून कुणी ‘एखादं डिझेल इंजिन टाकून देतो, मस्त पळेल’ म्हणालं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

पण नव्या नंबराच्या आधी जुना नंबर शोधायचा प्रयत्न करा, कारण ज्या गाडीची नोंद आधीपासून आहे तिला तिचा मूळ नंबर ठेवता येतो. पणजोबांच्या नावाचा नंबर राहणं आणि नवा नंबर मिळणं यात घरासाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे. जुना विमा, कराची पावती, अपघाताचा एखादा कागद, पेट्रोल रेशनचं कूपन, कशावरही नंबर असू शकतो. तो मिळाला की आरटीओत जुन्या रजिस्टरमधून संगणकावर बॅकलॉग नोंद करून घ्यायचा अर्ज द्या. आरसी बुक हरवल्याची पोलिसांत नोंद करून दुय्यम प्रतीसाठी नमुना २६ भरावा लागतो, आणि मयत मालकाच्या वारसाच्या नावावर करण्यासाठी नमुना ३१. खिडकीवरच्या माणसाला १९२८-२९ ची गाडी म्हटल्यावर घाम फुटतो. त्याच्यावर चिडू नका. फोटो, इंजिन नंबरचा ठसा आणि जुन्या कागदांच्या प्रती एका फाइलमध्ये लावून थेट अधिकाऱ्यांची वेळ घ्या.

इथेच घराण्याचा इतिहास आणि गाडीचे कागद एकत्र येतात. गाडी पणजोबांच्या नावावर असेल तर आज तिचे वारस तुम्ही एकटे नाही. पणजोबांच्या सगळ्या मुला-मुलींच्या शाखा आल्या, आत्याआजींची सुद्धा, मग त्या लग्न होऊन मिरजेला गेल्या असोत की कराडला. तुम्ही गाडीवर पैसे घालणार, ती उभी करणार, आणि चकचकीत झाल्यावर एखादा चुलतभाऊ ‘आमचाही हिस्सा’ म्हणत येणार, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता वंशावळ बघितल्याशिवाय मी बोल्ट फिरवत नाही. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करा, प्रत्येक शाखेकडून ना हरकत लिहून घ्या, आणि गाडी पुढे विकायची की ठेवायची, विकली तर वाटणी कशी, हेही त्याच कागदावर आणा. वंशावळीसाठी फोन करालच, तेव्हा प्रत्येक घरी एवढं विचारा: काळी की करडी? आणि लाकडी आऱ्यांच्या गाडीचा आणखी एखादा फोटो आहे का?

खर्चाचा अंदाज तुम्ही मागितलाय, पण चेंबर उघडल्याशिवाय आकडा सांगणारा मेकॅनिक थापा मारतोय असं समजा. चेंबरचा बोल्ट काढला की काय निघालं त्याचा फोटो, ब्लॉकवरच्या नंबरचा फोटो आणि रिमचं माप, एवढं पाठवा. तोपर्यंत गाडी आहे तिथेच राहू द्या. फक्त चाकांखाली फळ्या घाला, पडवीची ओल तोडायला ताडपत्री जमिनीवर अंथरा, गाडीवर नको. गाडीवर प्लॅस्टिक टाकलंत तर पुराने जेवढं गंजवलं नाही तेवढं एक पावसाळा गंजवेल.